खाजऱ्या मांजराचा खुराक
मांजर पाळताना : लेखांक सहावा

पिसवांचा विषय मागच्या लेखात संपला. पिसवांचे औषध नेमाने लावून झाले, खरजेचे किडे आणि नायटा नाही याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली, आणि तरीही मांजर मान-डोके रक्त येईपर्यंत ओरबाडते, पोट चाटून चाटून उघडे पाडते, पाठीवरून हात फिरवला तर राळ्याच्या दाण्याएवढ्या खपल्या बोटांना लागतात. अशा वेळी अन्नाच्या ॲलर्जीचा संशय घेणे रास्तच आहे. पण त्यावर निघणारा तोडगा ठरलेला असतो : दूध बंद करा, चिकन बंद करा, एखादे भारीतले पाकीट आणा आणि बघा काय फरक पडतो ते. या तोडग्यात मोठी खोट आहे. आहारबदलाला इलाज समजले की तो थोडा ढिलाईने केला तरी चालेल असे वाटते. वास्तविक ती तपासणी आहे, आणि अर्धवट केलेली तपासणी न केलेलीपेक्षा वाईट, कारण ती चुकीचे उत्तर देऊन मोकळी होते.

हा संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो, हे आधी लक्षात घ्यावे. थिएरी ऑलिव्री आणि राल्फ म्युलर या पशु-त्वचारोगतज्ज्ञांनी तोवरचे अभ्यास चाळून २०१७ साली मांडलेल्या आढाव्यात, खाजणाऱ्या मांजरांपैकी १२ ते २१ टक्क्यांनाच अन्न बाधत असल्याचे दिसले. म्हणजे दहांतल्या आठांच्या खाजेचे कारण ताटलीत नसतेच. त्याआधीच्या, २०१६ च्या आढाव्यात ७८ ॲलर्जिक मांजरांपैकी १४ जणांना गोमांस, १३ जणांना मासळी आणि चौघांना चिकन बाधत होते. ही क्रमवारी आपल्या पूर्णा गावातल्या मांजराला जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. ॲलर्जी जडते ती वारंवार खाण्यात आलेल्या प्रथिनाची. पाश्चात्त्य देशांतल्या डबाबंद खाद्यात गोमांस मुबलक. आपल्याकडच्या मांजराचे आयुष्य दूध-पोळी, चिकनच्या दुकानातले उरलेसुरले, नदीची मासळी आणि सुकट यांवर गेलेले असते. संशयितांची यादी त्यामुळे पुस्तकातून उतरवून घेता येत नाही, आपल्याच घरात बसून करावी लागते. (दूध पिऊन नुसते पातळ होणे ही बहुधा ॲलर्जी नव्हे. मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही, एवढेच.)

तपासणीचे तत्त्व सरळ आहे. ज्या प्रथिनाशी मांजराची कधी गाठ पडलेली नाही तेवढे एकच द्यायचे, किंवा हायड्रोलाइज्ड खाद्य द्यायचे, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा ते ओळखू शकत नाही. परदेशी पुस्तके यासाठी ससा किंवा हरीण सुचवतात. आपल्याकडे हरणाचे नाव काढणे म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ! सहज मिळण्यासारखे उरते ते बोकडाचे मटण. पण मांजर जन्मभर गाई-म्हशीच्या दुधावर वाढले असेल तर मटणही नवखे धरता येत नाही, कारण गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची प्रथिने एकमेकांच्या जवळची. चिकनऐवजी लाव्हे दिले तरी हीच अडचण. म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांना विचारून औषधी हायड्रोलाइज्ड खाद्य आणावे, असे माझे मत आहे. दुकानातल्या साध्या पाकिटावर ‘फक्त मासळी’ लिहिलेले पुरत नाही. अशा खाद्यांच्या तपासण्यांत लेबलवर नसलेले प्राणिज घटक अनेकदा सापडलेले आहेत. घरीच मटण उकडायचे तर मीठ-मसाल्याविना, आणि कांदा-लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उकडलेले पाणी फेकू नये, मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन हे द्रव्य त्यात उतरते. टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय फुगते, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. नुसत्या मटणात कॅल्शियमही पुरेसे नसते. मोठे धडधाकट मांजर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यावर काही आठवडे काढील. पिल्लाला ते देऊ नये.

किती दिवस? सहा आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक ॲलर्जिक मांजरांना उतार पडतो, आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक. दहा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. इथे खरा आक्षेप येतो : रेल्वे क्वार्टरमधले मांजर तीन घरी दूध पिते, भिंतीवरची पाल धरते, त्याला कोंडणार कसे? आक्षेप बिनतोड आहे. ज्याला आठ आठवडे मांजर घरात ठेवता येणार नाही त्याने हा खर्च करूच नये. ठेवता येणार असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगावे, आणि गोळी पेढ्यात किंवा लोण्यात घालून देणेही थांबवावे. बदल आठवडाभरात हळूहळू करावा. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिले, त्यातही लठ्ठ असले, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते.

‘त्यापेक्षा रक्त तपासून घेऊ’ असे कुणी म्हणेल. ऑलिव्री आणि म्युलर यांच्याच आढाव्यानुसार रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्यांवर अन्नाच्या ॲलर्जीचे निदान भरवशाने करता येत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने खाज लवकर थांबते, पण ती बहुतेक कुठल्याही कारणाची थांबते, म्हणून त्यातून कारण उमगत नाही. आणि लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडने मांजराला मधुमेह होऊ शकतो.

सगळ्यात जास्त टाळली जाते ती शेवटची पायरी. मांजर बरे दिसू लागले की जुने अन्न परत द्यायचे. बऱ्या झालेल्या जिवाला पुन्हा का छळायचे, हा प्रश्न मायेपोटीच येतो. पण श्रावणात सुरू केलेली तपासणी आश्विनात संपते, आणि तोवर दमट हवाही ओसरते, पिसवाही घटतात. उतार खुराकाने पडला की ऋतूने, हे जुने अन्न दिल्याशिवाय कोण सांगणार? ॲलर्जी खरी असेल तर खाज साधारण दोन आठवड्यांच्या आत परतते. मग नवा खुराक पुन्हा सुरू करून खाज बसू द्यावी, आणि चिकन, मासळी, दूध एकेक करून देऊन नेमका दोषी शोधावा. खाज परतली नाही तर मांजराचे चिकन बिनदिक्कत सुरू करा, आणि तारखांसह लिहिलेली वही घेऊन परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. धूळ आणि परागकणांच्या ॲलर्जीबद्दल पुढच्या लेखात.