लिपीकथा (लेखांक ६) : अक्षरे घडवली कोणी?

चिनी अक्षरांचे जनकत्व परंपरेने त्सांग-ज्ये नावाच्या चार डोळ्यांच्या राजसेवकाला दिले. पाखरांच्या पावलांचे ठसे पाहून त्याला म्हणे अक्षरे सुचली. मोडीच्या वाट्याला यादवांचा प्रधान हेमाडपंत आला, शिवाय त्याने ती लंकेहून आणल्याची कथाही. कर्ता एकच आणि तोही दरबारी, असा दोन्हीकडचा साचा. पुरावा मात्र निराळे सांगतो. इ.स. १०० च्या सुमारास श्यू शन याने ९,३५३ अक्षरांची फोड करणारा कोश रचला. त्यात ‘करणे’ या अर्थाचे अक्षर त्याने माकडिणीचे चित्र ठरवले. पुढे १८९९ पासून शांग राजवटीतली भाकितांची हाडे उजेडात आली, तेव्हा त्याच अक्षरात हत्ती दिसला आणि त्याच्या सोंडेशी माणसाचा हात. एवढ्या व्यासंगी माणसाला हत्ती ओळखू आला नाही, कारण मधल्या हजारावर वर्षांत लिहिणाऱ्यांच्या हातांनी तो पार झिजवून टाकला होता.

मोडीही अशीच लिहित्या हातांनी घडवली, असे मला वाटते. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली ओळ पुरी करायची. उभी रेघ खाली आली की हात थांबत नाही, वळण घेऊन पुन्हा वर चढतो. मोडीचा गोलावा तिथून येतो. या घाईत ऱ्हस्व-दीर्घ गेले, शब्दांमधली जागाही गेली. पंडित बसून लिपी रचता तर ऱ्हस्व-दीर्घ इतक्या सहजी सोडता ना! बा. आ. गुप्ते यांनी १९०५ साली मोडीचे कर्तेपण शिवाजी महाराजांच्या बाळाजी आवजी चिटणिसांना दिले. पण निजामशाही-आदिलशाही अमलातले मोडी कागद त्यांच्याही आधीचे आहेत. शिवाय मोडी केवळ दरबारात नांदत नव्हती. टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली भोरजवळच्या कारीच्या देशमुखांच्या घरात जपलेली होती.

यावर कोणी विचारील, नुसती घाईच असती तर प्रत्येकाची अक्षरे आपापल्या वाटेने गेली नसती का? गेली असती, म्हणून तर दफ्तराचा धाक लागतो. वेल्ह्यातल्या राजगडावरून सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार चालला, तो कागदावरच. पुढे अष्टप्रधानांत सचिवाचे काम ठरले ते राजपत्रे तपासून त्यांतला उणाअधिक मजकूर दुरुस्त करण्याचे. भोरच्या पंतसचिवांचे पद ते हेच. चीनमध्ये छिन साम्राज्याच्या ली-स नावाच्या मंत्र्याने अक्षरांना एक वळण लावले, पण वळण लावण्यासाठी अक्षरे आधी असावी लागतात. बाळाजी आवजींना मी चिटणिशी वळणाचे श्रेय खुशाल देईन, लिपीचे नाही.

छापखान्यात खिळे सुटे जुळवायचे असतात, तिथे न उचललेल्या बोरूचा उपयोग काय? मोडी मागे पडली त्याचे हेही एक मोठे कारण. चीनने मात्र १९५६ पासून अक्षरे सोपी करायला घेतली तेव्हा ‘गाडी’ आणि ‘पुस्तक’ यांची नवी रूपे थेट जुन्या घाईच्या लेखनातूनच उचलली.