साखरगाठी: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात माहूर-किनवटकडच्या बाजारांत साखरगाठ्यांचे हार लटकू लागतात. या गोड हारांभोवती काही चुकीच्या समजुतीही गुंफल्या गेल्या आहेत. मुलांच्या हाती गाठी देण्याआधी त्या दूर व्हायला हव्यात.

गैरसमज १: गाठी फक्त गुढीसाठी असते.
वस्तुस्थिती: पाडव्याला गाठी गुढीवर चढते हे खरे. पण मराठवाडा-विदर्भात होळीलाच मुलांच्या गळ्यात गाठ्यांचा हार घालतात. मराठवाड्यातले माहूर तर विदर्भातल्या यवतमाळच्या सीमेवरच आहे, त्यामुळे तिथेही हीच रीत. खानदेशातही होळीला साखरेचे हार-कडे देतात.

गैरसमज २: गाठी इतकी पांढरी म्हणजे नक्कीच पांढरी करणारी पावडर घातलेली.
वस्तुस्थिती: साखरेच्या पाकात थोडे दूध घालतात. दुधातली प्रथिने गोठून मळ वर आणतात आणि तो काढून टाकला जातो. मग दोरा घातलेल्या लाकडी साच्यात पाक ओततात. थंड होताना साखरेचे बारीक कण तयार होतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि गाठी पांढरी दिसते. कोणी रसायन वापरलेच, तर ते नुसत्या रंगावरून ओळखता येत नाही. म्हणून माहितीच्या कारागिराकडून घ्यावी. भडक रंगाची टाळावी.

गैरसमज ३: गाठीचे पाणी प्यायले की ऊन बाधत नाही.
वस्तुस्थिती: घामातून पाणी आणि मीठ जाते, गाठीतून मिळते फक्त साखर. तहान नसली तरी थोडे थोडे पाणी, मीठ घातलेले ताक प्यावे. जुलाबातही असेच पाणी आणि मीठ जाते; तेव्हा १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून द्यावे. उन्हाने शुद्ध हरपू लागली तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

गैरसमज ४: साखरेत घोळवले की काहीही टिकते.
वस्तुस्थिती: गाठी टिकते ती कोरडी असते म्हणून. जंतूंना वाढायला लागणारा ओलावा तिच्यात नसतो. रसाळ फळाचे तसे नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत कॅरॅमलचे (साखरेच्या मऊ टॉफीचे) कवच असलेली, काडी खोचलेली सफरचंदे खाऊन १२ राज्यांत ३५ जण लिस्टेरिया या जंतूने आजारी पडले. काडी खोचल्यावर फळाचा रस कवचाखाली झिरपतो आणि तिथे जंतू वाढतात, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. जत्रेत असे फळ दिसले तर ताजे आहे का, हे विचारूनच घ्यावे.

गैरसमज ५: गाठी घरगुती, म्हणून मधुमेहींनाही चालते.
वस्तुस्थिती: गाठी म्हणजे साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मधुमेह नसलेल्या प्रौढानेही दिवसाकाठी सगळी वरची साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले. चहातली साखरही यातच मोजायची.

हार मुलांना जरूर घालावा, पण खायला एकेक गाठीच द्यावी. उरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या ठेवाव्यात. खाऊन झाल्यावर चूळ भरायची सवय लावली, तर सणाची गोडी मिळेल आणि दातही जपले जातील.