आठ फुटी खोली आणि काळी एक

गाणं ऐकायला घरात वेगळी खोली असावी का? असावी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी बंगला लागत नाही. कारणं मात्र भलतीच मजेशीर आहेत.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. आठ फूट रुंद खोलीत तो दोन भिंतींमध्ये ये-जा करतो, तेव्हा 70 हर्ट्झच्या आसपासचा सूर स्वतःवरच चढत जातो. आता काळी एकला लावलेला पुरुषी तानपुरा घ्या. त्याची खर्जाची तार असते 69 हर्ट्झच्या जवळ! म्हणजे तार छेडली की खोलीही सूर धरते. आमची आतली खोली नेमकी आठ फुटी. भिंतीला टेकून बसलं की खर्ज पोटात घुमतो, उशी उचलून खोलीच्या मधोमध आलं की तोच खर्ज पार पातळ होतो. रेकॉर्ड तीच, स्पीकर तेच, सरकलो फक्त चार फूट. खोली चौरस असेल तर लांबी-रुंदीचे घुमारे एकाच सुरावर येऊन आदळतात. म्हणून 10 बाय 10 पेक्षा 10 बाय 13 ची खोली कानाला बरी.

हे सगळं शास्त्र गाद्यांमुळे सुरू झालं. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, विद्यार्थ्यांना काही म्हणता काही कळायचं नाही. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. मध्यरात्र उलटली की तो आणि त्याचे मदतनीस जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या वाहून आणत, ऑर्गनची नळी वाजवत, आवाज किती वेळात विरतो ते मोजत आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी ठेवत. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने काय घ्यावं? उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, इतकं सोपं. 1900 मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच हिशेबावर उभा आहे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, खर्जाला त्यांचा पत्ताही लागत नाही. पातळ पडदे आणि सतरंजी फक्त वरचे सूर पितात, खालचा घुमारा तसाच राहतो. जाड कापसाची गादी कोपऱ्यात उभी करा आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट मागच्या भिंतीला लावा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण जमला, की गायक बरोबर मध्ये येऊन बसतो. अॅलन ब्लूमलीनने 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली जादू ती हीच.

आणि पंखा बंद! मिंडेचा शेवटचा धागा, तानपुऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास, हे सगळं पंख्याच्या घरघरीखाली गाडलं जातं. मे महिन्यातही मी हा घाम सोसतो.

शांततेचा हा हट्ट माझ्या एकट्याचा नाही. टोकियोच्या शिबुया भागात ‘लायन’ नावाचं 1926 पासूनचं कॉफीगृह आहे. खुर्च्यांची तोंडं स्पीकरकडे, आणि गप्पा मारायला मनाई.

तरी एक गोष्ट आहेच. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी लागली होती. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. ती ऐकून भीमसेन जोशी नावाच्या मुलाने 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडलं. ना गादी, ना त्रिकोण, बाहेर भर बाजार. त्या मुलासारखं थांबणं मला चालता-बोलता जमत नाही, म्हणून मी दार लोटतो. फोन स्वयंपाकघरात, फ्रिजवर. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, तेवढा वेळ कुणी हाक मारली तरी ‘ओ’ देत नाही.