रक्तातला दोष की हातातली बिडी?

आमच्या वसाहतीतले एक शेजारी गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. वय अवघे सेहेचाळीस. त्यांचे वडीलही पन्नाशीच्या आतच गेले होते. महिन्याभराने धाकटा भाऊ घरी आला आणि बिडी पेटवत म्हणाला, “दादा, आमच्या रक्तातच दोष आहे. वडील गेले, थोरला गेला, आता माझी पाळी. रक्त गोठण्याच्या जनुकांची तपासणी असते म्हणे. कर्ज काढून करून घेऊ का?”

मी काही डॉक्टर नाही. कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस. पण प्रश्न जिवाचा होता. म्हणून डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. तोच हिशेब आज वाचकांपुढे ठेवतो.

गुठळी हवी आणि नकोही

बोट कापले की रक्तातल्या बारीक बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेवर गोळा होतात. मग रक्तातली प्रथिने त्यावर धाग्यांचे जाळे विणतात आणि रक्त थांबते. ही प्रथिने कशी बनवायची, याची कृती जनुकांत लिहिलेली असते. ती आईवडिलांकडून येते. कृती एका बाजूला चुकली तर हिमोफिलियासारखा आजार होतो, रक्त थांबत नाही. दुसऱ्या बाजूला चुकली तर रक्त गरजेपेक्षा जास्त गोठते.

अशी एक चूक १९९४ साली हॉलंडमधील लायडन शहरातल्या संशोधकांनी शोधली. तिला ‘फॅक्टर पाच लायडन’ म्हणतात. गोठणे थांबवणारा ब्रेक या प्रथिनावर नीट लागत नाही. १९९६ साली तिथेच प्रोथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातली दुसरी चूक सापडली. युरोपातल्या गोऱ्या लोकांत शंभरात साधारण पाच जणांत लायडनची चूक असते. आपल्याकडे ती बरीच कमी आढळते.

शीर वेगळी, धमनी वेगळी

हृदयाकडे परत येणारे रक्त शिरांतून संथ वाहते. तिथे या चुका खरा घात करतात. पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. धमन्यांचे तसे नाही. तिथे रक्त जोराने धावते. आधी अनेक वर्षे धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठतो. एक दिवस तो फुटतो, त्यावर बिंबिका चिकटतात आणि वाट बंद होते. हृदयाची वाट बंद झाली तर अटॅक, मेंदूची झाली तर लकवा.

२००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६६ हजारांवर हृदयरोगी आणि ९१ हजारांवर इतर माणसे यांची तुलना प्रसिद्ध झाली. लायडनच्या चुकीने हृदयरोगाचा धोका सुमारे १७ टक्के वाढलेला दिसला, प्रोथ्रॉम्बिनच्या चुकीने सुमारे ३१ टक्के. म्हणजे शंभराच्या जागी ११७ किंवा १३१.

आता दुसरा आकडा बघा. २००४ साली ५२ देशांतल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांना पहिल्या हार्ट अटॅकचा धोका जवळपास तिप्पट आढळला. म्हणजे शंभराच्या जागी तीनशे! बिडी-सिगारेट, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सुटलेले पोट, मनाचा ताण, दारू, भाजी-फळांचा अभाव आणि अंगमेहनत नसणे, या नऊ गोष्टींतच धोक्याचा सुमारे ९० टक्के वाटा निघाला.

मग घराण्याचे काहीच नाही?

आहे. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयरोगाने आजारी पडली असेल, तर आपण लवकर सावध व्हावे. ‘लायपोप्रोटीन ए’ नावाचा चरबीचा एक कण १९६३ साली नॉर्वेत सापडला. त्याचे प्रमाण मुख्यतः जनुकांवरच ठरते आणि ते जास्त असले तर धमन्यांना खरेच धोका असतो. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. अशा घरांनी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावे. गोठण्याच्या जनुकांची तपासणी मात्र मुख्यतः ज्यांना कमी वयात शिरेत गुठळी झाली त्यांच्यासाठी. तीही डॉक्टर सांगतील तरच.

मी त्या भावाला म्हटले, “कर्ज काढू नकोस. उद्या माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चल.” बीपी मोजले, ते बरेच जास्त निघाले. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले. गोळी सुरू झाली. बिडी सुटायला चार महिने लागले, दोनदा परत धरली, पण सुटली.

घरातल्या माऊलींनाही सांगणे आहे. तिशीनंतर वर्षातून एकदा घरातल्या सर्वांचे बीपी तपासून घ्या, स्वतःचेसुद्धा. मिश्री सोडा. छातीत दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

वडिलांकडून आलेले जनुक बदलता येत नाही. पण आपली मुले बिडीच्या धुरात वाढतील की नाही, हे आपल्याच हातात आहे.