त्रिनिदाद ते सिद्दी धमाल : वेषांतला आफ्रिका

केव्हा : त्रिनिदादचा कार्निव्हल ख्रिस्ती 'राखेच्या बुधवारा'आधीच्या (ॲश वेन्सडे) सोमवारी आणि मंगळवारी. वेष करून मिरवणे म्हणजे तिथे 'मास खेळणे'.

मूळ : 18व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मुखवट्यांचे नाच आणले. 1838मध्ये गुलामगिरीतून पूर्ण मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ते रस्त्यावर आणले. मशालींची 'कॅनबुले' मिरवणूक त्यांचीच. 1881मध्ये तिच्यावरून पोलिसांशी दंगल झाली.

मोको जंबी : त्रिनिदाद कार्निव्हलमधला, उंच काठ्यांवर चालणारा वेषधारी. लांबलचक विजार काठ्या झाकते, म्हणून माणूसच तेवढा उंच भासतो. परंपरा पश्चिम आफ्रिकेची.

जाब मोलासी : अंगभर काकवी किंवा काळे वंगण, शिंगे, शेपूट. पांढरे कपडे घालून जवळ जाऊ नये!

पिची पॅची : जमैकाच्या जॉनकोनू सोहळ्यातला. नखशिखांत रंगीत चिंध्या.

1957 : त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये जॉर्ज बेली यांचा 'बॅक टू आफ्रिका' हा वेषसंच. आफ्रिकी राजेशाही आणि योद्ध्यांचा दिमाख त्यातून रस्त्यावर आला.

गल्लत नको : गोव्याचा कार्निव्हल पोर्तुगीज कॅथलिक वळणाचा, त्याचा राजा मोमो. भारतात आफ्रिकी धागा दिसतो तो आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या धमाल नृत्यात : डोक्याला आणि कमरेला मोरपिसे, कवड्या, रंगवलेले चेहरे, ढोल. नर्तक नारळ उंच उडवून डोक्यावर फोडतात. हे नृत्य मुख्यतः गुजरातेतले.