गजकर्ण

गजकर्ण किंवा नायटा हा त्वचा, केस व नखे यांना कवकांमुळे (बुरशीमुळे) होणारा सांसर्गिक रोग आहे. त्वचेवर खाज सुटणारे, कडेने उंचावलेले व मध्यभागी काहीसे निवळलेले वर्तुळाकार चट्टे हे त्याचे ठळक लक्षण होय. उष्ण व दमट हवामानाच्या प्रदेशांत हा रोग विशेष आढळतो. रोग जीवघेणा नसला, तरी अपुऱ्या किंवा चुकीच्या उपचारांमुळे तो महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि एकाच कुटुंबातील अनेकांना होतो. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा स्वैर वापर आणि औषधांना न जुमानणाऱ्या कवकाचा प्रसार यांमुळे एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून भारतात हा एकेकाळी सोपा समजला जाणारा रोग उपचारांस कठीण झाला आहे.

नाव

'गजकर्ण' या शब्दाचा शब्दशः अर्थ 'हत्तीचा कान' असा आहे. आयुर्वेदात या रोगाला 'दद्रु' म्हणतात. हिंदीतील 'दाद' हा शब्द त्यावरूनच आला आहे. इंग्रजीतील 'रिंगवर्म' या नावात किड्याचा उल्लेख असला, तरी या रोगाचा कोणत्याही किड्याशी किंवा कृमीशी संबंध नाही. वैद्यकीय परिभाषेत त्यास 'टिनिया' किंवा 'डर्मॅटोफायटोसिस' अशी नावे आहेत.

कारणे व प्रसार

हा रोग प्रामुख्याने ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या तीन प्रजातींतील कवकांमुळे होतो. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत थर, केस व नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यावर ही कवके वाढतात. निरोगी व्यक्तीत ती सामान्यतः या थराच्या खाली, जिवंत ऊतकांत शिरत नाहीत. चट्ट्यावर दिसणारी लाली व खाज ही मुख्यतः कवकाविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेचा परिणाम असते.

कवकाचा स्रोत तीन प्रकारचा असू शकतो : रोगी माणूस, बाधित प्राणी (कुत्रा, मांजर, गुरे) आणि माती. भारतात बहुतेक वेळा संसर्ग माणसाकडून माणसाकडे होतो. प्रत्यक्ष स्पर्शाखेरीज टॉवेल, कपडे, अंथरूण-पांघरूण व कंगवा यांतूनही कवक पसरते. संसर्गानंतर साधारणतः ४ ते १४ दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. घाम, घट्ट व कृत्रिम धाग्यांचे कपडे, दीर्घकाळ ओली राहणारी त्वचा, मधुमेह आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळे रोगाची शक्यता वाढते.

लक्षणे व प्रकार

प्रारंभी त्वचेवर लहान लालसर, खवलेदार ठिपका उठतो. कवक कडेकडेने पसरत जाते, त्यामुळे चट्ट्याची कडा उंचावलेली, लाल व कोंडा असलेली राहते आणि मध्यभाग निवळतो. सावळ्या त्वचेवर लालीऐवजी तपकिरी किंवा काळपट छटा दिसते. शरीराच्या भागानुसार रोगाचे पुढील प्रकार मानतात :

अंगावरील गजकर्ण : धड व हातपाय यांवर वर्तुळाकार चट्टे येतात.

जांघेतील गजकर्ण : जांघा, मांड्यांचा आतील भाग व नितंब यांवर चट्टे येतात. घाम व घर्षणामुळे खाज तीव्र असते.

पायाचे गजकर्ण : बोटांच्या बेचक्यांतील त्वचा पांढरी पडून सोलवटते व तीस भेगा जातात. पावसाळ्यात सतत पाण्यात काम करणाऱ्यांना होणाऱ्या चिखल्यांशी त्याचे साम्य असते. चिखल्यांमध्ये कँडिडा हे किण्व किंवा जीवाणूही आढळतात.

डोक्याचे गजकर्ण : मुख्यतः लहान मुलांना होते. केस मुळाशी तुटून खवलेदार टकलाचे चट्टे दिसतात. दाह तीव्र असल्यास पू भरलेली मऊ सूज येते व तेथील केस कायमचे जाऊ शकतात.

नखांचे गजकर्ण : नख पिवळसर, जाड व ठिसूळ होते आणि खालच्या त्वचेपासून सुटू लागते.

निदान

नेहमीच्या व्यवहारात निदान बहुतांशी तपासणीवर आधारलेले असते. चट्ट्याची कडा, जांघा, पायाच्या बेचक्या व नखे अशी सर्व ठिकाणे पाहणे आवश्यक ठरते, कारण रुग्ण अनेकदा एकच जागा दाखवतो. घरातील इतर कोणाला खाज आहे काय आणि यापूर्वी कोणती मलमे लावली, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे असतात.

निदान पक्के करण्याची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड चाचणी. चट्ट्याच्या क्रियाशील कडेवरील कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० ते २० टक्के विद्रावाचा थेंब टाकतात. त्याने त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शाखायुक्त, आडपडदे असलेले कवकतंतू दिसतात. चाचणीस थोडाच वेळ व अल्प खर्च लागतो. चट्ट्याच्या मध्यभागातून नमुना घेतल्यास किंवा रुग्णाने नुकतेच कवकनाशक लावले असल्यास कवक असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते.

कवकाची जाती ओळखण्यासाठी सॅबूरो माध्यमावर संवर्धन करतात. त्यास चार आठवड्यांपर्यंत अवधी लागतो. नखांच्या रोगात तोंडाने घ्यायचे औषध दीर्घकाळ द्यावे लागत असल्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेतून खात्री करून घेणे इष्ट असते. वुड दिव्याच्या जंबुपार (अतिनील) प्रकाशात मायक्रोस्पोरमच्या काही जातींनी बाधित केस हिरवट चमकतात. ट्रायकोफायटॉनच्या बहुतेक जाती चमकत नसल्याने या दिव्याचा उपयोग मर्यादित आहे.

सारखे दिसणारे रोग

प्रत्येक गोल चट्टा गजकर्णाचा नसतो. नाण्याच्या आकाराच्या इसबात कडा व मध्यभाग यांत फारसा फरक नसतो आणि चट्टा ओलसर असू शकतो. सोरायसिसमध्ये चंदेरी, जाड खवले संपूर्ण चट्ट्यावर असतात व ते बहुधा कोपर, गुडघे व डोके येथे आढळतात. पिटिरिॲसिस रोझिया या रोगात प्रथम एक मोठा चट्टा येतो आणि काही दिवसांनी पाठीवर व पोटावर अनेक लहान चट्टे उठतात. शिबे हेदेखील कवकजन्य असतात. पण त्यांचे कवक (मॅलॅसेझिया) वेगळे असून छातीवर व पाठीवर फिकट किंवा तपकिरी डाग दिसतात.

यांत कुष्ठरोग वेगळा ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कुष्ठरोगाचा चट्टाही वर्तुळाकार व उंच कडेचा असू शकतो. मात्र त्यास सहसा खाज नसते. स्पर्श, उष्णता किंवा वेदना यांची जाणीव तेथे कमी झालेली असते आणि जवळची मज्जा जाड लागू शकते. अशा चट्ट्यास गजकर्ण समजून मलम लावत राहिल्यास उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो व मज्जांची कायमची हानी होऊ शकते. म्हणून खाज नसलेल्या चट्ट्यावरील संवेदना तपासणे आवश्यक असते.

उपचार

मर्यादित चट्ट्यांवर क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन यांसारखी कवकनाशक मलमे लावतात. मलम केवळ दिसणाऱ्या चट्ट्यावर न लावता कडेबाहेर सुमारे २ सेंमी.पर्यंत लावावे लागते, कारण कवक दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेले असते. चट्टा नाहीसा झाल्यावरही साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवण्याचा प्रघात आहे. खाज थांबताच उपचार सोडून देणे हे रोग उलटण्याचे नेहमीचे कारण होय.

डोक्याचे व नखांचे गजकर्ण, शरीरावर दूरवर पसरलेला रोग आणि वारंवार उलटणारा रोग यांत तोंडाने औषध द्यावे लागते. ग्रिझिओफल्व्हिन, टर्बिनाफिन व इट्राकोनॅझोल ही त्यासाठीची प्रमुख औषधे आहेत. हाताच्या नखांसाठी टर्बिनाफिन सुमारे ६ आठवडे, तर पायाच्या नखांसाठी सुमारे १२ आठवडे देतात. पायाचे नख पूर्णपणे नव्याने वाढण्यास १२ ते १८ महिने लागतात. त्यामुळे कवक नष्ट झाल्यावरही नख बराच काळ विद्रूप दिसते. टर्बिनाफिन यकृताच्या रोगात टाळतात. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत इट्राकोनॅझोल टाळतात. शिवाय इतर अनेक औषधांशी त्याची आंतरक्रिया होते. गरोदरपणात ही तोंडाने घ्यायची औषधे शक्यतो देत नाहीत.

स्टेरॉइडमिश्रित मलमांचा प्रश्न

कवकनाशक, जीवाणुनाशक व तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे भारतातील औषध दुकानांतून दीर्घकाळ चिठ्ठीविना विकली गेली. स्टेरॉइडमुळे एकदोन दिवसांत खाज व लाली कमी होते आणि औषध 'लागू पडले' असा रुग्णाचा समज होतो. प्रत्यक्षात स्टेरॉइड केवळ शरीराची प्रतिक्रिया दाबते. त्या आडून कवक निर्धास्तपणे वाढत राहते. मलम थांबवताच खाज पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळते व रुग्ण पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. तीच नळी घरातील इतरही वापरू लागतात.

अशा चट्ट्याची ओळखीची कडा पुसट होते किंवा वर्तुळात वर्तुळ दिसू लागते. या प्रच्छन्न रूपास 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात. ते इसबासारखे दिसत असल्याने पुन्हा स्टेरॉइडच दिले जाण्याचा धोका असतो. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर मुरुमे व लव येते आणि जांघा व काखा येथे रुंद वळ उमटतात. हे वळ कायमचे राहतात.

त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने (आयएडीव्हीएल) या गैरवापराविरुद्ध कृतिगट स्थापन केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांना 'अनुसूची एच'मधील सवलत काढून घेतली. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी बंदी घातलेल्या ३२८ निश्चित-मात्रा मिश्रणांत अशा काही मलमांचाही समावेश होता.

औषधप्रतिकारक कवक

भारतात पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जाती सर्वाधिक आढळे. पुढे तिची जागा मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या एका कवकाने घेतली. भारत व नेपाळ येथील रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे जपानी संशोधकांनी २०२० मध्ये त्यास ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकरास (एंझाइमास) रोखून कवकाच्या पेशीपटलाची घडण थांबवते. या कवकात त्या विकराच्या जनुकात उत्परिवर्तने आढळतात व त्यांमुळे टर्बिनाफिन निष्प्रभ ठरू शकते. अशा रुग्णांत बहुधा इट्राकोनॅझोल, तेही नेहमीपेक्षा अधिक काळ, द्यावे लागते. हे कवक आता अनेक देशांत आढळले असून अमेरिकेतील पहिल्या दोन रुग्णांची नोंद २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध झाली.

प्रतिबंध

टॉवेल, अंतर्वस्त्रे व अंथरूण प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. बाधित व्यक्तीचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. अंघोळीनंतर जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. सैल, सुती कपडे वापरावेत. घामाने ओला राहणारा करदोटा किंवा मनगटावरील दोरा उपचारकाळात काढून ठेवणे हितकारक असते. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार केले नाहीत, तर संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो.

इतिहास

चरकसंहितेत दद्रुची गणना क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत केलेली आहे. टाकळा या पावसाळी वनस्पतीचा त्यावर परंपरेने उपयोग केला जाई. 'चक्रमर्द' व 'दद्रुघ्न' ही तिची संस्कृत नावे याच गुणावरून पडली. एकोणिसाव्या शतकात 'गोवा पावडर' नावाचे चूर्ण गजकर्णावर प्रसिद्ध होते. ते मूळचे ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाचे असून पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात येई. त्यातील क्रायसारोबिनच्या धर्तीवर पुढे सोरायसिसवरील डायथ्रॅनॉल हे औषध तयार झाले.

कवक हेच रोगाचे कारण असल्याचे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकात पॅरिस येथे केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. रेमंड सॅबूरो (१८६४–१९३८) यांनी या कवकांचे संवर्धन व वर्गीकरण पद्धतशीर केले. ग्रिझिओफल्व्हिन १९३९ मध्ये एका पेनिसिलियम कवकापासून वेगळे करण्यात आले. १९५८ पासून ते तोंडाने देण्यास प्रारंभ झाला आणि डोक्याच्या गजकर्णावर प्रथमच खात्रीचा उपाय हाती आला.

हेही पाहा

इसब, कुष्ठरोग, खरूज, शिबे, सोरायसिस