कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या नावाने येणारे बनावट ई-मेल कसे ओळखावेत?

सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत काम करणाऱ्या एका अनुभवी प्रोग्रामरला एक ई-मेल आला. जगभरचे प्रोग्रामर आपली सॉफ्टवेअर पॅकेजेस ज्या भांडारात ठेवतात, त्या एनपीएमच्या नावाने तो धाडण्यात आला होता. आपल्या खात्याची दुहेरी पडताळणीची माहिती बारा महिन्यांहून अधिक काळ अद्ययावत झालेली नाही, ती त्वरित करावी, अन्यथा १० सप्टेंबरपासून खाते बंद होईल, असा त्यातील मजकूर होता. मांडणी व भाषा हुबेहूब मूळ सूचनेसारखी होती. फरक एवढाच, की मूळ पत्ता 'एनपीएमजेएस डॉट कॉम' असा असताना हा ई-मेल 'एनपीएमजेएस डॉट हेल्प' येथून आला होता. माहिती भरली गेली आणि ८ सप्टेंबर रोजी आठवड्याला एकूण २०० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतल्या जाणाऱ्या १८ पॅकेजेसमध्ये आभासी चलनाचे व्यवहार परस्पर वळविणारा कोड घुसविण्यात आला. काही तासांतच तो काढून टाकण्यात आला. परंतु संगणक क्षेत्रातील जाणकारही अशा ई-मेलला फसू शकतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

परदेशातील लॉटरी किंवा अनोळखी श्रीमंताचा वारसा, अशा आमिषांचे ई-मेल आता बहुतेकांना ओळखता येतात. कार्यालयात रोज वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची सूचना मात्र निराळी असते. 'एका सहकाऱ्याने आपल्याशी दस्तऐवज वाटून घेतला आहे', 'आपल्या स्वाक्षरीची प्रतीक्षा आहे', 'पासवर्डची मुदत आज संपत आहे', अशी वाक्ये यंत्रच लिहिते आणि यंत्रच पाठविते. तिच्यात लिहिणाऱ्याची अशी शैली नसते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत आणि दिवसाला अशा वीस-पंचवीस सूचना पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे बोट सवयीनेच दुव्यावर जाते.

मे २०१७ मध्ये याचे एक बोलके उदाहरण घडले. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीची सेवा देणाऱ्या डॉक्युसाइन कंपनीच्या एका दुय्यम यंत्रणेतून ग्राहकांचे ई-मेल पत्ते चोरीला गेले. पासवर्ड वा आर्थिक माहिती गेली नाही, असे कंपनीने सांगितले, आणि वरवर पाहता ही चोरी किरकोळ होती. परंतु या सेवेच्या सूचनेची वाट पाहणारे लोक नेमके कोण, हे चोरांना कळले. त्याच पत्त्यांवर कंपनीच्या बोधचिन्हासह बनावट सूचना गेल्या. त्यांतील दुव्यावरून उतरणाऱ्या वर्ड दस्तऐवजात घातक मॅक्रो दडविलेला होता.

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर ई-मेल बनावट समजावा, असा सल्ला अनेक वर्षे दिला जात असे. तो आता बाद करणेच योग्य. मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे निर्दोष भाषा कोणालाही मिळते. बोधचिन्ह पाहूनही काही सिद्ध होत नाही, कारण ते मूळ संकेतस्थळावरून उचलता येते. पाठविणाऱ्याच्या जागी दिसणारे नावही पाठविणाराच ठरवीत असतो.

मग पाहावे काय? प्रथम पत्ता. ई-मेलच्या पत्त्यात 'अॅट' या चिन्हानंतरचा भाग महत्त्वाचा असतो. दुव्याच्या बाबतीत आरंभीच्या दुहेरी तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. समजा, पत्ता 'गूगल डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट नेट' असा आहे. येथे गूगलचे नाव सर्वांत आधी दिसत असले, तरी संकेतस्थळाचा मालक 'खाते-तपासणी डॉट नेट' हाच आहे. घराच्या पत्त्यात जसे गाव शेवटी येते, तसेच हे. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' व 'एन' ही अक्षरे जोडून लिहिण्याची युक्तीही जुनी आहे. लहान पडद्यावर तो फरक जाणवत नाही.

अन्य लिप्यांतही संकेतस्थळांची नावे घेता येतात. देवनागरीतील 'डॉट भारत' ही सोय २०१४ साली सुरू झाली आणि मराठीलाही तिचा लाभ मिळाला. परंतु याच व्यवस्थेत रशियन लिपीतील 'ए'सारखे दिसणारे अक्षर इंग्रजी नावात बेमालूम बसविता येते. डोळ्यांवर सर्वस्वी विसंबू नये, ते यामुळेच.

पासवर्ड जतन करून ठेवणारा प्रोग्राम या बाबतीत डोळ्यांहून अधिक विश्वासार्ह ठरतो. तो पानाचे रूप पाहत नाही, पत्ता जुळवून पाहतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो हाताने टाइप करण्यापूर्वी थांबावे. ई-मेल सेवा एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तपासण्या करीत असतात. मात्र त्यांवरून ई-मेल त्या पत्त्यावरूनच आला, एवढेच कळते. चोराने मिळताजुळता पत्ता रीतसर विकत घेतला असेल, तर त्याचा ई-मेलही या तपासण्यांत उत्तीर्ण होतो.

दुहेरी पडताळणी असली म्हणजे भय नाही, हा समजही पुरता खरा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनीतील कर्मचाऱ्यांना सर्कलसीआय या सॉफ्टवेअरच्या नावाने सूचना आल्या. बनावट पानावर गिटहबचे वापरकर्तानाव, पासवर्ड आणि उपकरणावरून मिळणारा एकवेळचा संकेतांकही मागण्यात आला. तो दिला गेल्यावर कंपनीची १३० कोड-भांडारे नकलून घेण्यात आली. बनावट पान दलालासारखे मध्ये बसते. आपण टाइप केलेला ओटीपी ते त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळाला देते आणि उघडलेले खाते स्वतःच्या ताब्यात घेते.

याच वर्षी जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीवर ओक्टा या प्रवेशप्रणालीच्या नावाने, मोबाईल संदेशांद्वारे, असाच हल्ला झाला. तेथेही तीन कर्मचाऱ्यांनी पासवर्ड दिला. तथापि, तेथील सुरक्षा-चावी संकेतस्थळाच्या मूळ पत्त्याशी बांधलेली असल्याने चोरांना आत शिरता आले नाही. आता अनेक सेवांत मिळणारी 'पासकी' याच तत्त्वावर चालते.

काही हल्ल्यांत पासवर्ड मागितलाच जात नाही. ३ मे २०१७ रोजी पसरलेल्या ई-मेलमध्ये गूगल डॉक्समधील दस्तऐवज पाहण्याचे निमंत्रण होते. दुवा गूगलच्याच खऱ्या पानावर नेत असे. तेथे 'गूगल डॉक्स' असे नाव धारण केलेला एक परका प्रोग्राम ई-मेल वाचण्याची व पत्तावही हाताळण्याची परवानगी मागत होता. परवानगी देणाऱ्याच्या ओळखीच्या लोकांना तोच ई-मेल पुढे जात असे. गूगलने सुमारे तासाभरात तो रोखला. येथे पत्ता तपासूनही उपयोग झाला नसता. दस्तऐवज पाहण्यासाठी आपली सर्व पत्रे वाचण्याची परवानगी कशाला हवी, हाच प्रश्न कामाचा होता. अशी दिलेली परवानगी पासवर्ड बदलून हमखास रद्द होते असे नाही. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ती वेगळी काढावी लागते.

२०२४ मध्ये तर चोरांनी डॉक्युसाइनची खरी खाती उघडून तिच्याच यंत्रणेतून खोटी बिले पाठविल्याचे आढळले. अशा वेळी ई-मेल खरा आणि मागणी खोटी असते. बिलाची खातरजमा हिशेब विभागाकडे जुन्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांकावरूनच करावी, ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावरून नव्हे. इतर सूचनांच्या बाबतीतही दुवा न उघडता संबंधित सॉफ्टवेअर नेहमीच्या मार्गाने उघडून पाहावे. सूचना खरी असल्यास ती बहुधा तेथेही दिसते.

चुकून माहिती दिली गेली, तर दुसऱ्या विश्वासू संगणकावरून पासवर्ड बदलावा, सर्व ठिकाणचे चालू प्रवेश बंद करावेत आणि ई-मेल परस्पर दुसरीकडे पाठविण्याचा एखादा नियम खात्यात निर्माण झाला आहे काय, हे पाहावे. हा नियम बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी कलमाखाली संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपन्यांना मात्र वेळेचे बंधन आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत द्यावी लागते. म्हणून कर्मचाऱ्याने घडलेला प्रकार तत्काळ आपल्या संगणक विभागाला सांगावा आणि तो ई-मेल पुसून न टाकता मूळ स्वरूपात जपून ठेवावा.